मदत हवी आहे: लहानपणी कॅन्सर झालेल्या मुलाची इको (हृदयाची सोनोग्राफी) करावी का?

सोलापूरची_आई: मुलगा 17 वर्षांचा. लहानपणी कॅन्सर झाला होता, औषधं कधीच संपली. फुटबॉल खेळतो, काही त्रास नाही. भावाने एक अमेरिकन अभ्यास पाठवलाय, अशा मुलांपैकी 73 टक्क्यांना पुढे आजार होतात म्हणे. फॅमिली डॉक्टर म्हणतात, उगाच घाबरू नका. इको करू की नको? शनिवारी संघाची निवड आहे, लवकर सांगा.

निशाचर: कुठला कॅन्सर? कुठली औषधं? रेडिएशन?

सोलापूरची_आई: रक्ताचा. औषधं केमोचीच, आणखी कुठली असणार!

पंत: गुळवेलीचा काढा सुरू करा. आमच्या साडूंची साखर महिन्यात उतरली.

निशाचर: पंत, साखरेचं कोणी विचारलंय?

गोळीवाला: केमो म्हणजे काही एकच औषध नव्हे. डॉक्सोरुबिसिन, डॉनोरुबिसिन या गटामुळे हृदयाचा स्नायू कमजोर होऊ शकतो, तोही वर्षानुवर्षांनी आणि आधी काहीच न जाणवता. त्यामुळे ‘खेळतो’ यावर जाऊ नका. एकूण डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 250 मिलिग्रॅमच्या वर असेल तर अमेरिकन मार्गदर्शिका दर दोन वर्षांनी इको सांगतात. कमी असेल तर एवढ्या वेळा लागत नाही.

मीरा_ठाणे: तो 73 चा आकडा 2006 च्या शोधनिबंधातला. त्यातल्या मुलांवर उपचार झाले 1970 ते 86 मध्ये, तेव्हा रेडिएशनचा मारा जास्त होता. शिवाय त्यात थायरॉइड, ऐकू कमी येणं, सगळंच धरलंय. तुमच्या मुलाला तो जसाच्या तसा लावू नका. टाटात उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक आहे, डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी 1991 मध्ये सुरू केलेलं. तिथे दाखवा.

गोळीवाला: आकडा जुना म्हणून तपासणी टाळायची का?

मीरा_ठाणे: टाळा कुठे म्हटलं मी? नीट वाचा.

विमावाले_काका: पॉलिसी घेताना लपवू नका. आधीच्या आजाराला विमा लागू होण्याची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त 3 वर्षं.

सोलापूरची_आई: विमा नकोय हो! फाइल सासूबाईंकडे गावाला आहे. एक औषध लाल होतं, लघवीही लाल व्हायची.

गोळीवाला: मग बहुधा तोच गट. फाइल मागवा, डिस्चार्ज कार्डावर एकूण डोस बघा, नसेल तर जिथे उपचार झाले तिथून मागा. शनिवारच्या आत हृदयरोगतज्ज्ञाला सगळं सांगून एक इको करून घ्या.

पंत: गुळवेल ताजीच घ्या, पावडर नको.