मदत हवी आहे: भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्स घ्यायचं आहे, पण रंगमंचावर चेहरा बोलता राहायला हवा

नमस्कार. मी सांगलीची, वय ५३. माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि हौशी नाटकांत काम करते. माझ्या दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या आठ्या आहेत. चाळिशीत त्या कपाळ आक्रसलं तरच दिसायच्या, आता निवांत बसले असले तरी उमटलेल्याच असतात. वर्गात मुली विचारतात, "बाई, रागावलात का?" तालमीत दिग्दर्शक म्हणतात, "चेहरा सैल सोडा," आणि मी तो सोडलेलाच असतो. भूमिका मोकळ्या, हसऱ्या बाईची असली तरी माझं कपाळ प्रेक्षकांना भलतंच काही सांगत राहतं. मला याचा मनापासून त्रास होतो.

करावं की करू नये, यावर मला सल्ला नको आहे. जाऊबाईंपासून सगळ्यांची मतं ऐकून झाली आहेत आणि माझा निर्णय पक्का आहे. काय करून घ्यावं, कुणाकडून आणि कधी, एवढंच विचारायचं आहे.

इंजेक्शनची भीती तशी कमी झाली आहे. आमच्या शेजारच्या आजोबांच्या पापण्या आपोआप मिटायच्या, रस्ता ओलांडणंसुद्धा मुश्कील झालं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना हेच औषध दिलं आणि ते अजूनही दर काही महिन्यांनी घेतात. मग मी वाचत गेले, तर कळलं की सुरकुत्यांसाठीचा उपयोगही याच वाटेने सापडला. कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरदर्स या नेत्रतज्ज्ञ पापण्यांच्या आचक्यांवर हे इंजेक्शन द्यायच्या. रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्या विरतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचे पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून १९९२ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला आणि अमेरिकेत या आठ्यांसाठी परवानगी मिळाली ती २००२ मध्ये. म्हणजे औषध काल-परवाचं नाही.

आता अडलंय कुठे ते सांगते. एका क्लिनिकमध्ये चौकशीला गेले होते. समुपदेशक म्हणून बसलेल्या मुलीनेच बहुतेक सगळं सांगितलं, डॉक्टर शेवटी थोडा वेळ डोकावून गेले. मी आठ्यांबद्दल विचारलं होतं, हातात आलं ते चार गोष्टींचं पॅकेज. पहिलं, पूर्ण कपाळ, भुवयांमधला भाग आणि डोळ्यांच्या कडा धरून बोटॉक्स. दुसरं, त्याच आठ्यांमध्ये आणि नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या घड्यांमध्ये फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचून भरायचं जेल. तिसरं, गालांवर फ्रॅक्शनल सीओटू लेसर, म्हणजे त्वचेला बारीक ठिपक्यांत भाजणारा लेसर. चौथं, हनुवटीखालच्या सैल त्वचेसाठी हायफू, म्हणजे ध्वनिलहरींच्या उष्णतेने त्वचा आवळणं. या महिन्यात नाव नोंदवलं तर सवलत. इंजेक्शन कोण देणार, या प्रश्नाला "आमची टीम" एवढंच उत्तर मिळालं. मी पैसे न भरता घरी आले.

माझ्या गालांवर वांग आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर आला, उन्हाळ्यात गडद होतो. लेसरने "तोही जाईल" असं तिथे सांगितलं गेलं, त्यावर माझा विश्वास बसत नाही. मैत्रिणीच्या बहिणीचा वांग लेसरनंतर आधीपेक्षा काळा झाला होता, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

सगळ्यात मोठी काळजी अभिनयाची आहे. रंगमंचावर भुवई उंचावणं, कपाळ आक्रसणं, डोळ्यांच्या कडांतून हसू दिसणं यावर माझं निम्मं काम चालतं. चेहरा गुळगुळीत झाला आणि मुका झाला, तर मी ज्यासाठी हे करतेय तेच हातचं जाईल. फक्त आठ्यांपुरतं इंजेक्शन घेऊन बाकीचं कपाळ हलतं ठेवता येतं का? राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबरात सुरू होते. त्या हिशेबाने कधी घ्यावं? रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे आणि हृदयरोगतज्ज्ञांनी कमी मात्रेची ॲस्पिरिन दिली आहे, त्याचं काय करायचं?

कुणी डॉक्टर असतील किंवा स्वतः करून घेतलं असेल, तर कृपया मोकळेपणाने लिहा.

प्रतिसाद (त्वचारोगतज्ज्ञ, पुणे)

ताई, चेहरा न पाहता नेमका सल्ला देता येत नाही, पण तुमच्या पॅकेजमधली एक गोष्ट आधी थांबवते. भुवयांमधल्या आठ्यांत फिलर घेऊ नका. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीशी जोडलेल्या असतात. जेल चुकून त्यांत शिरलं आणि मागे ढकललं गेलं, तर दृष्टी कायमची जाऊ शकते. असं क्वचित होतं, पण चेहऱ्यावरच्या सर्वांत धोक्याच्या जागांपैकी ही एक आहे आणि तुमच्या तक्रारीवर पहिला उपाय तो नाहीच.

तुमची मूळ तक्रार बोटॉक्सची आहे. आठ्या पाडणारे स्नायू कॉरुगेटर आणि प्रोसेरस. कपाळ वर उचलणारा स्नायू वेगळा, फ्रंटॅलिस. नसेकडून स्नायूला आकुंचनाचा निरोप पोहोचवणारं रसायन बाहेर पडू न देणं, हे या औषधाचं काम. जिथे टोचलं तिथल्याच स्नायूपुरता त्याचा परिणाम राहावा, हे टोचणाऱ्याच्या कौशल्यावर आहे. म्हणून फक्त भुवयांमधे देऊन फ्रंटॅलिसला हात न लावणं अगदी शक्य आहे, आणि तुमच्या बाबतीत मी तेच करेन. पन्नाशीनंतर पुष्कळ जणींच्या भुवया थोड्या खाली आलेल्या असतात, त्या याच स्नायूच्या जोरावर वर राहतात. तो सैल पडला तर भुवई जड वाटते, पापणीवर ओझं आल्यासारखं होतं. रंगमंचावर ते तुम्हाला फार जाचेल. डोळ्यांच्या कडाही सोडा, तुमचं हसू तिथे आहे.

भुवयांमधल्या भागाची नेहमीची मात्रा २० युनिट, पाच ठिकाणी विभागून. तुम्ही "अभिनय करते, कमी मात्रेपासून सुरू करा" असं स्पष्ट सांगा. दोन आठवड्यांनी पाहून थोडं वाढवता येतं. एकदा दिलेलं मात्र काढता येत नाही, ते उतरायची वाट पाहावी लागते. तीन ते पाच दिवसांत फरक जाणवायला लागतो, पूर्ण परिणाम साधारण दोन आठवड्यांनी आणि तो टिकतो तीन-चार महिने. पहिली वेळ स्पर्धेच्या तोंडावर नको. मेच्या सुट्टीत घ्या. चेहरा कसा वागतो ते तालमीत कळेल आणि आवडलं नाही तर सप्टेंबरपर्यंत सगळं पूर्ववत झालेलं असेल.

एक अपेक्षा आधीच नीट ठेवा. स्वस्थ असतानाही दिसणारी रेघ पूर्ण पुसली जाईलच असं नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी दुमडलेल्या कागदासारखी ती त्वचेत बसलेली असते. उथळ होईल, चेहऱ्यावरचा राग जाईल. तुमच्या कामाला ते पुरेसं ठरावं.

सीओटू लेसरबद्दल तुमची शंका रास्त आहे. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत भाजल्याजागी काळे डाग राहण्याची प्रवृत्ती जास्त असते आणि वांग तर उष्णतेनेही भडकतो. वांग काबूत नसताना गालांवर तो लेसर मी करणार नाही. हायफूचा परिणाम सौम्य असतो आणि दिसायला दोन-तीन महिने जातात. तुम्ही त्यासाठी गेलाच नव्हतात, तर तूर्त बाजूला ठेवा.

ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. फार तर टोचल्याजागी काळंनिळं पडेल, ते आठवड्या-दीड आठवड्यात जातं. हृदयरोगतज्ज्ञांना न विचारता गोळी थांबवणं जास्त धोक्याचं आहे. स्नायूंचा काही आजार असेल, उदाहरणार्थ मायस्थेनिया ग्रॅव्हिस, तर मात्र हे इंजेक्शन घ्यायचं नाही.

वांगासाठी सध्या काय लावता, तेही लिहा.

प्रतिसाद (ठाणे)

मी दोन-तीन वर्षांपासून घेते, म्हणून व्यवहाराचं लिहिते. डॉक्टर त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डीडीव्ही आहेत का, किंवा प्लास्टिक सर्जरीत एमसीएच आहेत का, ते विचारा. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळता येतो. पार्लरमध्ये किंवा कुणाच्या घरी जमून हे इंजेक्शन घ्यायचं नाही, कितीही स्वस्त असलं तरी.

कुपी तुमच्यासमोर दाखवायला सांगा. ब्रँड, बॅच क्रमांक, मुदत यांचा फोटो काढा. भाव युनिटवर ठरवा आणि किती युनिट दिले ते कागदावर लिहून घ्या. बोटॉक्सचे युनिट आणि डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडचे युनिट सारखे नसतात, डिस्पोर्टचा आकडा अडीच-तीन पट मोठा येतो. त्यामुळे नुसता "युनिटला इतके" हा भाव दोन ठिकाणी ताडून पाहण्यात अर्थ नाही. आरोग्य विम्यात हे बसत नाही आणि अशा उपचारांना आरोग्यसेवेची जीएसटीमाफीही नाही, तेव्हा कर धरून एकूण आकडा आधीच विचारा.

उपचाराआधी फोटो काढून ठेवा, एक चेहरा स्वस्थ असताना आणि एक मुद्दाम कपाळ आक्रसून. दोन आठवड्यांनी तेच दोन पुन्हा काढा. नुसत्या आरशावर विसंबलं तर आधी काय होतं ते नीट आठवत नाही.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. आठ्यांमधल्या फिलरचं वाचून अंगावर काटा आला. तिथे हे कुणी बोललंच नव्हतं.

डॉक्टर, वांगासाठीची ट्यूब आणून पाहिली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉईन आणि मोमेटासोन अशी तीन नावं आहेत. पूर्वी एका डॉक्टरांनी लिहून दिली होती, नंतर औषधाच्या दुकानातून मिळत राहिली. लावली की वांग फिका दिसतो, थांबवली की परत येतो. हल्ली उन्हात गेलं की गाल लाल होऊन चुरचुरतात.

प्रतिसाद (त्वचारोगतज्ज्ञ, पुणे)

मग बोटॉक्सच्याही आधी या मलमाचा प्रश्न हाती घ्या. मोमेटासोन हे स्टेरॉईड आहे. देखरेखीशिवाय महिनोन्महिने लावलं की त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, ऊन सोसत नाही. म्हणजे ज्या खुणा कमी करायला आपण निघालो, त्याच वाढतात. अशा मलमांना चिठ्ठीविना विकायची परवानगी नाही, तरी ती सर्रास मिळतात, याचं मला फार वाईट वाटतं. रोज लावत असाल तर एकदम बंद केल्यावर चेहरा भडकू शकतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून त्यांच्या सांगण्याप्रमाणेच सोडवा. हा काळ संपेपर्यंत गालांवर पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणं), लेसर काहीही नको.

सनस्क्रीन मात्र रोज हवं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ९०० हून अधिक लोकांवर साडेचार वर्षं चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचा वयस्क होण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी आढळलं. वांग असेल तर आयर्न ऑक्साईड असलेलं, रंगाची छटा असलेलं घ्या, कारण डोळ्यांना दिसणारा उजेडही वांग वाढवतो. बसच्या काचेतूनही अतिनील 'ए' किरण येतात, त्यामुळे खिडकीशी बसत असाल तरी लावा.

धागाकर्ती

वर्गात माझं टेबल खिडकीशीच आहे, ते उद्या हलवते. आता क्रम असा ठरवलाय: आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून मलम सोडवणं, मेच्या सुट्टीत फक्त भुवयांमधे कमी मात्रेचं इंजेक्शन, बाकी पॅकेज रद्द. सांगली-मिरजेत स्वतः इंजेक्शन देणारे आणि अभिनय करणाऱ्या रुग्णांचा अनुभव असलेले त्वचारोगतज्ज्ञ कुणाला माहीत असतील, तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवा. कोल्हापूरपर्यंत यायचीही तयारी आहे.