मदत हवी आहे: प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स यांच्या ग्राफिक्सची खरी तुलना कशी करावी?

नमस्कार. माझ्याकडे प्लेस्टेशन ५ आहे आणि मित्राचा एक्सबॉक्स सिरीज एक्स आठवडाभरासाठी घरी आला आहे. दोन्हींवर एकच गेम खेळून पाहिला, पण कागदावरचे आकडे आणि पडद्यावरचे चित्र यांचा मेळ काही बसत नाही.

दोन्ही कन्सोल नोव्हेंबर २०२० मधले असून दोन्हींत एएमडीच्याच घराण्यातली ग्राफिक्स चिप आहे. एक्सबॉक्सची ५२ कॉम्प्युट युनिट्स (चिपमधले गणना करणारे गट) १.८२५ गिगाहर्ट्झच्या स्थिर वेगाने चालतात आणि क्षमता १२ टेराफ्लॉप्सच्या (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणना) थोडी वर जाते; प्लेस्टेशनमध्ये ३६च युनिट्स आहेत, पण वेग २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो, म्हणून तिथे १०.२८ टेराफ्लॉप्स मिळतात. या हिशेबाने एक्सबॉक्स सुमारे १८ टक्क्यांनी सरस ठरायला हवा.

प्रत्यक्षात दिसले ते असे. एका प्रसंगात तारेच्या जाळीचे कुंपण आहे. कॅमेरा हळूहळू फिरवला की एका कन्सोलवर त्या तारा सतत लुकलुकतात, दुसऱ्यावर त्या स्थिर राहतात. मात्र त्याच प्रसंगात पुढे धूर आणि स्फोट सुरू झाले की तारा स्थिर दाखवणाऱ्या कन्सोलवरच चित्र अडखळते. गेम थांबवून पाहिला तर दोन्हींत फरक जवळजवळ शोधावाच लागतो. हा डायनॅमिक रिझोल्यूशनचा परिणाम असावा, म्हणजे भार वाढताच एक कन्सोल पिक्सेल कमी करून फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेम्सची संख्या) राखतो आणि दुसरा पिक्सेल राखून फ्रेम गमावतो, असा माझा अंदाज आहे. तो बरोबर आहे का?

टीव्ही प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी चित्राची वेगळी सेटिंग्ज जपून ठेवतो, हे लक्षात आल्यावर मी दोन्ही कन्सोल आळीपाळीने एकाच पोर्टला, त्याच केबलने जोडले आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारी सोय) बंद ठेवले, कारण दोन्हींचे कॅलिब्रेशन वेगळे असते आणि जास्त झगझगीत चित्र उगाच चांगले वाटते. पहिल्या दिवशी मी याच चुकीने फसलो होतो.

आता अडचण व्हीआरआरची, म्हणजे पडद्याचा वेग गेमच्या फ्रेमरेटशी जुळवत राहणाऱ्या सोयीची आहे. प्लेस्टेशनवर ते ४८ ते १२० हर्ट्झ या टप्प्यातच काम करते. ते चालू ठेवले तर अडखळणे झाकले जाते आणि बंद केले तर रोजच्या खेळण्यासारखी स्थिती उरत नाही. मग चाचणीसाठी कोणती बाजू न्याय्य धरावी? शिवाय कॅप्चर कार्डाशिवाय (कन्सोलचे चित्र संगणकावर नोंदवणाऱ्या उपकरणाशिवाय), घरच्या घरी रिझोल्यूशन मोजण्याची एखादी विश्वासार्ह रीत आहे का?

मित्राचा कन्सोल रविवारी परत जाईल. तोपर्यंत आपण सुचवाल ती चाचणी करून निकाल इथेच नोंदवीन.