केसपेपरच्या खिडकीवर ‘लग्न झालंय का?’ हे कशाला विचारायचं?

पर्वतीपायथा

गेली आठ वर्षं पुण्यात जनता वसाहतीत संध्याकाळची अभ्यासिका चालवते. दहावी-बारावीच्या मुली येतात. शिक्षण सोडून पार्लरला, मॉलला कामाला लागलेल्याही नुसत्या येऊन बसतात, कारण घरी दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं. त्यांच्याशी बोलताना जे कानावर येतं त्यातलं एक इथे मांडते.

मागच्या पावसाळ्यात त्यांच्यातली एक, वय वीस, पाळी चुकली म्हणून एका सरकारी दवाखान्यात गेली. खिडकीवरच्या माणसाने मागची सगळी रांग ऐकेल अशा आवाजात विचारलं, “लग्न झालंय का? मिस्टर कुठायत?” रांगेत तिच्याच गल्लीतली एक काकू उभी होती. मुलगी केसपेपर न काढताच परत फिरली. पुढे महिनाभर कुणाशी एक शब्द बोलली नाही. मग कुणीतरी आणून दिलेल्या गोळ्या खाल्ल्या. आठ दिवस रक्त थांबेना आणि एका पहाटे सार्वजनिक संडासच्या रांगेत ती चक्कर येऊन पडली. जे झाकायला ती खिडकीवरून माघारी आली होती, ते त्या दिवशी अख्ख्या वस्तीला कळलं.

कायदा पूर्णपणे तिच्या बाजूने होता. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. वय १८ पूर्ण असेल तर फक्त तिची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची नाही आणि आईबापांचीही नाही. गर्भनिरोधक फसल्याच्या कलमात आधी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असं लिहिलेलं होतं. २०२१ च्या दुरुस्तीत तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असं आलं. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीतही लग्न झालेली आणि न झालेली असा भेद चालणार नाही. डॉक्टरने बाईचं नाव फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि एवढं सगळं असून माझ्या अभ्यासिकेतली मुलगी एका खिडकीवर अडली.

याच शहरात १८६३ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवांना त्यांनी पहिलं आश्वासन गुप्ततेचं दिलं, कारण नाव बाहेर जाणार असेल तर एकही बाई त्या दारात पाऊल टाकणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. दीडशेहून जास्त वर्षांनी आपल्याला ते पुन्हा कुणाला तरी पटवून द्यावं लागतंय याचं मला फार वाईट वाटतं. लग्नाचा प्रश्न खिडकीवर विचारणं बंद झालं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

दोन मुलींचा बाप

ताई, मी अप्पर इंदिरानगरला राहतो, रिक्षा चालवतो. रात्री-अपरात्री अडलेल्या बायका ससूनला पोचवल्यात, त्यामुळे यातलं मला काही कळत नाही असं समजू नका.

पण तुमचं पटलं नाही. त्या पोरीची चूक झाली ती तिला विचारलं म्हणून नाही. तिच्या घरच्यांना वेळेत कळलं असतं तर आठ दिवस ती रक्तात पडली नसती. आईला सांगितलं असतं तर आई शिव्या देत का होईना, हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली असती. तुम्ही म्हणता गुपचूप सोय करा. आणि गुपचूप काही बरंवाईट झालं तर धावायचं कुणी? आम्हीच ना? तुम्ही आठला अभ्यासिका बंद करून घरी जाता. त्या गल्लीत उद्या तोंड दाखवायचंय ते आम्हाला.

आणि तो पोरगा कुठे आहे तुमच्या गोष्टीत? त्याच्याबद्दल एक ओळ नाही. अशी सोय झाली की त्याचं रान मोकळं. पोरगी दवाखान्यात जाईल, मोकळी होईल, आणि हा पुढच्या चौकात दुसरीच्या मागे.

पांढरी साडी

मी एका पालिकेच्या दवाखान्यात नर्स आहे, सतरा वर्षं. खिडकीवर असा आवाज चढवणं चूकच. पण तो प्रश्न आम्ही नेहमी टोचायला विचारतो असं नाही. ‘संबंध आलेत का’ हे विचारायला जीभ रेटत नाही, म्हणून त्याच्या जागी ‘लग्न झालंय का’ विचारतो. रांगेत नव्वद माणसं असतात आणि पेशंटची सासू शेजारी उभी असते, मग हाच शब्द सोयीचा वाटतो.

आता त्याने नुकसान काय होतं ते सांगते, कारण दुसऱ्यांनी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. मुलगी ‘नाही’ म्हणते. मग पोटात दुखतंय म्हटल्यावर तिला ॲसिडिटीची गोळी मिळते. लघवीची चाचणी कुणी करत नाही. अशातच एखादीचा गर्भ पिशवीत नसून नळीत असतो. नळी फुटली की पोटात रक्त साचतं आणि मग तासांवर खेळ येतो. गर्भपाताच्या गोळ्या नळीतल्या गर्भावर लागू पडत नाहीत, म्हणून सोनोग्राफी न करता त्या घेणं धोक्याचं. चुकीचा प्रश्न विचारला की उत्तर चुकीचं येतं आणि औषधही चुकीचं जातं. पर्वतीपायथा ताई, हा मुद्दा तुमच्या लेखात यायला हवा होता.

अजून एक. २०१४ ला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आपल्याकडे त्यातल्या केंद्रांना मैत्री क्लिनिक म्हणतात. वयोगट १० ते १९. आणि विशीतली बिनलग्नाची मुलगी? ती मैत्रीत बसत नाही, गरोदर मातांच्या यादीत तर नाहीच नाही. आमच्या एकाही रजिस्टरला तिच्यासाठी रकाना नाही.

निवृत्त बाई

इतिहास नीट मांडावा अशी विनंती. फुल्यांचं ते गृह बाळंतपणासाठी होतं. जन्मलेलं मूल मारलं जाऊ नये आणि आईने जीव देऊ नये, हा त्याचा हेतू. तिथे आलेल्या काशीबाईचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. गर्भपाताच्या बाजूने हा दाखला देणं मला योग्य वाटत नाही. दाखला हवाच असेल तर र. धों. कर्व्यांचा द्या. त्यांनी १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी सोडावी लागली.

मी पस्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं निघालं. माझ्या वर्गात मी ते डोळ्यांनी पाहिलं. आठवीत पहिल्या बाकावर बसणारी मुलगी दिवाळीनंतर यायचीच नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘गावाला पाठवली’. म्हणून मला भीती वेगळीच आहे. मुली गोळ्या घेतात, दवाखान्यात जातात अशी चर्चा एकदा वस्तीत पसरली की आईबाप आणखी लवकर लग्न उरकतील. तुमच्या भांडणाची किंमत चौदा वर्षांच्या मुलींनी मोजू नये.

पर्वतीपायथा

निवृत्त बाई, दुरुस्ती मान्य. ते गृह बाळंतपणाचंच होतं आणि मी ते स्पष्ट लिहायला हवं होतं. माझा भर गुप्ततेवर होता, तो तसाच ठेवते.

पण लवकर लग्नाचं तुम्ही उलटं मांडलंत. माझ्या अभ्यासिकेतल्या तीन मुलींची लग्नं घाईत झाली, आणि प्रत्येक वेळी कारण एकच, ‘हिचं नाव गल्लीत झालं’. दवाखान्याने तोंड बंद ठेवलं तर नाव होणारच नाही.

काका, पोराचं म्हणालात ते खरं आहे. मी त्याच्याबद्दल लिहिलं नाही, कारण तो पळाला. पण त्याला धडा शिकवायला तिच्या अंगातलं रक्त का वाहू द्यायचं?

ताडीवाला रोड

इथे सगळे ‘मिळत नाही’ म्हणून बोलताहेत. आमच्याकडे लग्न झालेल्या पोरींना नको असताना गळ्यात मारलं जातं, त्यावर कोण बोलणार?

माझ्या भावजयीचं वय बावीस. दुसरं बाळंतपण झालं तेव्हा कळा ओसरल्याही नव्हत्या, आणि तांबी बसवून टाकली. संमतीचा कागद होता, अंगठाही होता. कशावर उठवला ते तिला चार महिन्यांनी कळलं. देशात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी नसबंदी झालेल्या ३७.९ टक्के, निवृत्त बाईंनी सांगितलेल्या त्याच पाहणीत. पुरुषांची नसबंदी मोजायला गेलात तर हाताला लागत नाही. १९७६ ला आणीबाणीत गरीब पुरुषांना नसबंदीसाठी धरून नेलं, पुढच्या निवडणुकीत सरकार पडलं. तेव्हापासून सगळा भार बायकांवर.

मूल होऊ नये म्हणून देतात त्या अंतरा इंजेक्शनचंच घ्या. दर तीन महिन्यांनी, फुकट, कुणाला कळत नाही, सगळं चांगलं. पण त्याने बऱ्याचदा पाळी पुढेमागे होते, कधी बंदच होते. वस्तीत सुनेची पाळी थांबली की सासू आधी दिवस गेले म्हणते, आणि नवरा बाहेर कामाला असेल तर संशय घेते. हे आधी बसवून नीट सांगितलं तर बाई तयारीत राहते. सांगायला पाच मिनिटं लागतात, ती पाच मिनिटं कुणी देत नाही. तेव्हा ‘सोय हवी’ म्हणताना ‘नको म्हणायची सोय’ सुद्धा मागा. माझा विरोध गोळ्यांना नाही, आम्हाला आकडा समजण्याला आहे.

पांढरी साडी

ताडीवाला रोड, हे खरं आहे. वरून महिन्याचा आकडा मागतात आणि आम्ही तो भरतो.

कोर्टाची पायरी

वकील आहे, शिवाजीनगर कोर्टात. सगळे वीस वर्षांच्या मुलीबद्दल बोलताय, खरी अडचण सतरा वर्षांच्या मुलीची आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, १८ खालच्या मुलीच्या संमतीला अर्थ नाही. मुलगा तिच्याच वर्गातला असो, तिच्या मर्जीने असो, गुन्हा तो गुन्हाच. डॉक्टरला कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. त्यामुळे मुली डॉक्टरकडे फिरकतच नाहीत आणि डॉक्टरही हात लावत नाहीत.

२०२२ च्या त्याच निकालात यावर थोडा मार्ग काढलाय. अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. पालकाची संमती मात्र लागतेच. म्हणजे रिक्षावाले काकांचं म्हणणं १८ च्या आतल्या मुलीबाबत कायद्याने मान्य केलेलंच आहे. १८ नंतर नाही.

माझं मत विचाराल तर सोळा-सतराच्या दोघांचं प्रेम आणि पन्नाशीतल्या नातेवाइकाचा अत्याचार एकाच मापाने मोजणारा कायदा बदलायला हवा. पण वस्तीत मी बापांच्या हातच्या अत्याचाराचे खटलेही चालवलेत. तिथे ‘आधी पालकाला सांगा’ कसं म्हणणार?

दोन मुलींचा बाप

वकील साहेब, शेवटचं वाचून गप्प झालो. असे बाप असतात, मला माहीत आहे.

तरी मी माझ्यापुरतं बोलतो. माझी मोठी एकोणीसची आहे, नर्सिंगला जायचं म्हणते. तिच्या बाबतीत माझ्यापासून लपवून कुणी काही केलेलं मला चालणार नाही, कायदा काही का म्हणेना. पण ती पोट दुखतंय म्हणून एकटी दवाखान्यात गेली आणि शंभर माणसांसमोर कुणी तिला नवरा कुठाय विचारलं, तर मी रिक्षा तिथेच लावून भांडायला येईन. नर्सताईंनी ते नळीचं सांगितलं, तेही मला माहीत नव्हतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र बसत नाहीत अजून.

पर्वतीपायथा

काका, १८ नंतर तुम्हाला विचारणार नाहीत, आणि विचारू नये असंच मी म्हणत राहीन. तिथे आपलं जुळणार नाही.

आम्ही काही बायका वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज देतोय. खिडकीवर फक्त नाव आणि वय, बाकी सगळं आत, दार लावून. आठवड्यातून एक ओपीडी संध्याकाळी, कारण सकाळी धुण्याभांड्याची कामं सोडून आलं की खाडा धरतात. आणि ताडीवाला रोड यांचं म्हणणंही घालते, कुठलंही साधन देण्याआधी त्याचे त्रास तोंडी सांगायचे आणि नको म्हटलं तर नको. खिडकीच्या मागणीखाली तरी तुमची सही हवी आहे. रविवारी अभ्यासिकेत या.

दोन मुलींचा बाप

खिडकीच्या कागदावर करतो. बाकीचे कागद वेगळे ठेवा.

पांढरी साडी

मला सही करता येणार नाही, नोकरी आहे. पण अर्जात दाराचं नुसतं ‘लावून’ लिहू नका. आमच्याकडच्या तपासणीच्या खोलीचं दार फुगलंय, पावसाळ्यात लागतच नाही, आणि बाकडं बरोबर त्याच्यासमोर आहे. दार दुरुस्त करून बाकडं हलवा असं लिहा.