मदत हवी आहे: रिकाम्या प्लॉटवरचा तरोटा राखून गाजरगवत हटवता येईल का?

नमस्कार मंडळी. मी नागपूरला, बेसा भागात राहते. आमच्या बाजूचा प्लॉट कित्येक वर्षांपासून रिकामा आहे. यंदा पाऊस पडताच अर्ध्या प्लॉटवर तरोटा (कोकणात टाकळा म्हणतात तो) इतका दाट उठलाय की खालची माती दिसत नाही. रस्त्याकडच्या अर्ध्यात गाजरगवत. लेआऊटमधल्या लोकांनी येत्या रविवारी सरसकट तणनाशक मारायचं ठरवलंय. सापांची भीती मलाही वाटते, घरात लहान मूल आहे. पण तरोटा जाळून टाकायला मन धजत नाही.

आई उमरेडकडची. आखाडात ती याचे कोवळे शेंडेच खुडते, उकडून पाणी पिळून टाकते आणि लसूण, कांदा, लाल मिरची, भिजवलेली चणाडाळ घालून परतते. सोबत ज्वारीची भाकर. पानं जून झाली की कडसर लागतात, मग ती हात लावत नाही. शिवाय या पानांवर पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या असतात. पानाच्याच रंगाच्या, हात लागेपर्यंत दिसत नाहीत.

मुख्य प्रश्न गाजरगवताचा. त्याने कुणाच्या अंगाला खाज सुटते, कुणाला दम लागतो. जबलपूरची तण संशोधन संस्था त्यावर तरोट्याचं बी फेकायला सांगते, म्हणजे तरोटा दाटीने वाढून गाजरगवताला जागाच देत नाही. आमच्या प्लॉटवर दोघांमधली सीमा बघितली तर हे पटतं. पण तरोटा पावसाळी, हिवाळ्यात वाळून जातो. गाजरगवत तर पाणी मिळालं की कधीही उगवतं. मग मधल्या महिन्यांत काय करायचं? आत्ता फुलावर यायच्या आधी हातमोजे घालून उपटलं आणि दिवाळीनंतर तरोट्याच्या शेंगा गोळा करून ठेवल्या, तर बी मे महिन्यात फेकायचं की पहिल्या पावसानंतर? बीचं कवच फार कडक असतं, ते आधी घासावं लागतं का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.

दुसरी शंका जास्त काळजीची. कुंपणाजवळ दोन-तीन झाडं वेगळी दिसतात. तरोट्याला पानांच्या तीन जोड्या, टोकं गोल. यांना चार-पाच जोड्या, टोकं निमुळती, चुरगाळली की उग्र वास. हा कासविंदाच ना? त्याच्या बिया मुलांनी खाल्ल्या तर जिवावर बेततं, म्हणून शेंगा धरायच्या आधी तेवढी झाडं मुळासकट काढावी म्हणते.

शनिवारपर्यंत कुणी खात्रीचं सांगितलं तर लेआऊटच्या बैठकीत मांडता येईल. दोन्ही झाडांचे फोटो उद्या सकाळी टाकते, आता संध्याकाळ झाली, पानं मिटली आहेत.