मदत हवी आहे: बीसी५५७ ट्रान्झिस्टरच्या जागी २एन३९०६ लावला, आता लाईट बंदच होत नाही

कोठ्यावरचा
एकदा बटण दाबलं की चालू, परत दाबलं की बंद, असं दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट हाय. बीसी५४७ आन् बीसी५५७. चांगलं चालत होतं, मंग ५५७ गेला. आर्वीत भेटला नाही, दुकानदारानं २एन३९०६ देला, म्हणे एकच हाय. लावला तर उजेड मंद पडते आन् बटण दाबून बंद होत नाही. काऊन? लवकर सांगा, रात्री वावरात डुकरं हाकलायले जागलीले जायचं हाय.

ओहमभाऊ
व्होल्ट किती? लोड काय? सर्किटचा फोटो टाका.

कोठ्यावरचा
१२ च, फवारणी पंपाची बॅटरी. लोड म्हणजे लाईटच ना भाऊ.

जुना रेडिओवाला
आमच्या काळात एसएल१०० आन् एसके१०० ट्रान्झिस्टर असत. धातूची टोपी, बाजूले बारीक चिमटी, चिमटीजवळचा पाय एमिटर. चुकायचं कामच नव्हतं. एसके१०० लाव, विषय संपला.

तूरवाला
डुकरं लाईटले भेत नाहीत. आमच्याकडे रोही (नीलगाई) त लाईटखाली उभे राहून हरभरा खातेत. कुंपणाले झटका देणारी झटका मशीन घे.

कोठ्यावरचा
झटका मशीन कोणी इचारली?

ओहमभाऊ
५५७ आणि ३९०६ चे तीन पाय एकमेकांच्या उलट क्रमाने आहेत. सपाट बाजू तुमच्याकडे, पाय खाली धरा. बीसी५५७ चे डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०६ चे एमिटर, बेस, कलेक्टर. जुन्याच छिद्रांत तसाच बसवला असेल तर तो उलटा चालतोय. उलट्या ट्रान्झिस्टरचा गेन (करंट वाढवायची ताकद) अगदी किरकोळ, म्हणून उजेड मंद. शिवाय एमिटर-बेस जोडाला उलटे ५ व्होल्टच झेपतात, आणि तुमचे १२. तिथून करंट गळतो, फीडबॅकच्या रेझिस्टरमधून ५४७ च्या बेसला पोचतो आणि ५४७ पुन्हा चालू होतो. बंद होणार कसं? मीटरवर एचएफई, म्हणजे हाच गेन, तपासा, सुलट लावला की शंभराच्या वर दाखवेल.

कोठ्यावरचा
फिरवून लावला. बंद होते आता. पण हात लावला त चटका बसते.

ओहमभाऊ
म्हणूनच लोड विचारला होता.

कोठ्यावरचा
एलईडी पट्टी हाय एक मीटर, ६० लाईटची. त्यात काय सांगायचं?

ओहमभाऊ
बारीक ३५२८ ची असेल तरी मीटरला ४.८ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर ४०० मिलिअँपिअर. बीसी५५७ ची मर्यादा १००, ३९०६ ची २००. पहिला त्यानंच गेला, हाही जाईल. ५५७ च्या जागी १२ व्होल्टचा छोटा रिले (कॉइलच्या चुंबकानं चालणारा स्विच) लावा. कॉइल ४०० ओहमची, ३० मिलिअँपिअर घेते. कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा टाका, पट्टी रिलेच्या कॉन्टॅक्टवर.

मॉसफेटप्रेमी
रिले कायले? रातभर ३० मिलिअँपिअर फुकट जातेत. आयआरएफ९५४० मॉसफेट (दुसऱ्या जातीचा ट्रान्झिस्टर) लाव. त्याचा गेट पाय बेसच्या जागी, सोर्स प्लसले, ड्रेन पट्टीले, गेट ते प्लस १०० के (किलोओहम) रेझिस्टर. थंडगार चालते.

ओहमभाऊ
१२ तासांचे ०.३६ अँपिअर-तास. त्याच वेळात पट्टी ४.८ खाते, तिथं रिलेचं काय घेऊन बसलात? खेड्यात रिले मिळतो, ९५४० शोधत नागपूरची सीताबर्डी गाठावी लागते.

मॉसफेटप्रेमी
म्हणून काय पुढं जाऊच नाही?

तूरवाला
८ अँपिअर-तासाच्या बॅटरीतून रातभर पट्टी चालवशीन, मंग सकाळी फवारणी कशी करशीन?

कोठ्यावरचा
फवारणीले दुसरी हाय. दुकानात आयआरएफ५४० भेटला, ९५४० नाही. नंबर जवळजवळ सारखाच हाय, चालते का?

मॉसफेटप्रेमी
नाही. तो एन-चॅनल, ९५४० च्या उलट जातीचा. त्या जागी लावला त पट्टी कायमची चालू राहीन. मायनसच्या बाजूनं लावता येते, पण मंग आख्खं सर्किट बदलावं लागते. आज रिलेच लाव.