शब्दचर्चा: 'घाना' म्हणजे नेमका कोणता?

प्रश्न: एका लेखात 'अकराव्या शतकातला घाना' वाचले, दुसऱ्यात '१९५७ साली जन्मलेला घाना'. देश एकच का? आणि 'घानाचा' की 'घान्याचा'?

उत्तर: एक नव्हे. जुना घाना हे सोनिंके लोकांचे राज्य, आजच्या मॉरिटानिया-मालीच्या भागातले. ते लोक त्याला 'वगादू' म्हणत. 'घाना' ही राजाची पदवी होती. अरब लेखकांनी ती राज्यालाच लावली. अल-बक्री या अरब भूगोलकाराने १०६८ च्या सुमारास तिथल्या दरबाराचे वर्णन केले आहे. त्यात राजाच्या कुत्र्यांच्या गळ्यातही सोन्याचांदीचे पट्टे आहेत. स्वतः अल-बक्री अंदालुसियात (मुस्लिम स्पेनमध्ये) बसून व्यापाऱ्यांकडून ऐकून लिहीत होता. आजचा घाना तिथून शेकडो किलोमीटर आग्नेयेला, समुद्रकाठी आहे. म्हणून जुन्या राज्याला 'वगादू' किंवा 'घाना साम्राज्य' म्हणावे.

आणखी एक विचारणा: मग १९५७ पूर्वीच्या काळासाठी 'सुवर्णकिनारा' चालेल ना?

उत्तर: ब्रिटिश वसाहतीपुरते 'गोल्ड कोस्ट' ठेवा, भाषांतर नको. ते नाव बाहेरून आलेल्यांनी आपल्याला काय हवे त्यावरून दिले. पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला बांधला तो सोन्यासाठी. पुढे त्याच किल्ल्यातून माणसे विकली गेली. आतल्या भागात कुमासीला असांते राज्य होते, त्याचा इतिहास 'गोल्ड कोस्ट' या मथळ्याखाली कोंबणे मला अन्यायाचे वाटते. १९०० मध्ये ब्रिटिश गव्हर्नरने असांत्यांचे सुवर्णासन मागितले. त्या आसनात साऱ्या समाजाचा आत्मा वसतो अशी त्यांची श्रद्धा. राजा प्रेंपे आधीच पकडून नेलेला होता, तेव्हा एजिसू गावची राजमाता 'या असांतेवा' ही लढ्याच्या अग्रभागी उभी राहिली. युद्ध हरले, तरी खरे आसन इंग्रजांच्या हाती लागले नाही.

दुसरे मत: वगादूशी थेट संबंध नसेल, तर नव्या देशाने हे नाव उसने का घेतले?

उत्तर: 'उसने' म्हणू नये. गोल्ड कोस्टमधले राजकीय नेते जे. बी. डांक्वा यांनी हे नाव पुढे आणले. अकान लोकांचे (असांते हे त्यांतलेच) पूर्वज त्या साम्राज्यातून आले असे ते मानत. इतिहासकारांना ते फारसे पटत नाही. पण आफ्रिकेला स्वतःचा इतिहासच नाही असे शिकवले जात असताना, ६ मार्च १९५७ रोजी स्वातंत्र्यलढ्याचे नेते एन्क्रुमा यांनी स्वतंत्र देशाला आफ्रिकी साम्राज्याचे नाव दिले. ती निवड विचारपूर्वक होती.

व्याकरणाचे राहिले: गोवा-गोव्याचा होते, पण परकी विशेषनामे आपण सहसा तशीच ठेवतो. 'घानाचा', 'घानातील' लिहावे. आणि 'न'चा 'ण' करू नये, घाणा तेलाचा.