दहावीच्या तासाला शिवसेनेतली फूट कशी शिकवावी?

नागरिकशास्त्र_परळ
महापालिकेच्या शाळेत दहावीला ‘राजकीय पक्ष’ हा धडा शिकवायचाय. मुलं हमखास विचारतात, ‘खरी शिवसेना कोणाची?’ वस्तीत शाखा दोन्हीकडच्या, पालकही दोन्हीकडचे. ३५ मिनिटांच्या तासात नेमकं काय घ्यावं?

खडू_फळा
विषय टाळू नका. ‘बरोबर कोण’ऐवजी ‘ठरवायचा अधिकार कोणाला’ असा प्रश्न फळ्यावर लिहा आणि तीन रकाने पाडा. पक्षाचं नाव-चिन्ह: निवडणूक आयोग. आमदारांची अपात्रता: विधानसभा अध्यक्ष. या दोघांनी कायदा पाळला का: न्यायालय.

पहिली दहा मिनिटं संविधानाच्या दहाव्या परिशिष्टाला, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याला द्या. ते १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने आलं. एक तृतीयांश फुटीची पळवाट २००३च्या ९१व्या दुरुस्तीने बंद झाली. ‘दोन तृतीयांश आमदार फुटले की सुटले’ असं मुलं सर्रास धरून चालतात. तिथे दुसऱ्या पक्षात विलीनीकरणाची अट आहे, म्हणून परिच्छेद ४ मोठ्याने वाचून घ्याच.

मग पाच चिठ्ठ्या, क्रम विस्कटून: २९ जून २०२२ ठाकरेंचा राजीनामा, ३० जून शिंदेंचा शपथविधी, १७ फेब्रुवारी २०२३ धनुष्यबाण शिंदे गटाला, ११ मे २०२३ सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल, १० जानेवारी २०२४ विधानसभा अध्यक्षांचा अपात्रतेवरचा निकाल. गटांनी त्या क्रमाने लावून रकान्यांत ठेवायच्या. राजीनामा आणि शपथविधी कुठेच बसत नाहीत. राजीनाम्यापाशी थांबा, घटनापीठाचा निकाल त्यावरच फिरतो.

घटनेचा_तास
सहमत. गोंधळ ११ मेच्या निकालावर होतो. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं, असं घटनापीठ म्हणालं. पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्याने त्यांचं सरकार परत आणता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे. घरून प्रत्येक मूल यातलं एकच वाक्य ऐकून येतं. दोन्ही एकाखाली एक वहीत लिहून घ्या.

टाचणवही
हात वर करून कौल घेऊ नका आणि वादविवाद स्पर्धा तर नकोच. मुलं घरच्यांची बाजू लढवतात आणि भांडण मधल्या सुट्टीत जातं. प्रश्न निनावी चिठ्ठीवर मागवा. व्हॉट्सअॅपवरचे व्हिडिओ बंद. पाठ टाचणात मुद्दे आधी लिहून मुख्याध्यापकांची सही घ्या, पालक विचारायला आले तर तेच दाखवता येतं.

नागरिकशास्त्र_परळ
‘सर, तुम्ही कोणाकडचे?’ असं विचारलं तर?

टाचणवही
मत सांगू नका, उडवूनही लावू नका. मतदान गुप्त का ठेवलंय ते दोन मिनिटं समजवा आणि चिठ्ठ्यांकडे वळा.